जुन्या स्पोर्ट्स कारच्या मागच्या चाकांची बेअरिंग बदलणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कऱ्हाड, सांगली आणि मिरज या भागांत जुन्या दोन आसनी गाड्या जपणारी मंडळी मोजकीच आहेत, पण मागच्या चाकातून घरघर येऊ लागली की त्या प्रत्येकाचा प्रश्न जवळपास एकाच शब्दांत माझ्याकडे येतो. अशा गाड्यांवर काम करताना आलेल्या अनुभवावरून ही उत्तरे लिहिली आहेत. उत्तरे प्रामुख्याने मागच्या चाकांवर चालणाऱ्या आणि मागे स्वतंत्र सस्पेन्शन असणाऱ्या गाड्यांसाठी आहेत. पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, बीएमडब्ल्यू झेड३ आणि पोर्शे बॉक्सटर ९८६ या त्यांतील ठळक गाड्या होत. सलग धुरा असलेल्या, म्हणजे मागची दोन्ही चाके एकाच आडव्या नळीला जोडलेल्या गाड्यांसाठी प्रश्न १८ पाहावा.

१. मागच्या चाकातले बेअरिंग नेमके काय करते आणि ते खराब का होते?

चाक हबला, म्हणजे मधल्या फिरत्या भागाला, बोल्टने जोडलेले असते, हब बेअरिंगच्या आतल्या कडीत घट्ट बसलेला असतो आणि बेअरिंगची बाहेरची कडी नकलमध्ये, म्हणजे सस्पेन्शनच्या हातांना जोडलेल्या ओतीव भागात, दाबून बसवलेली असते. गाडीचे वजन, वळणावरचा आडवा रेटा आणि ब्रेकचा झटका हे सारे दोन कड्यांमधल्या छर्ऱ्यांच्या दोन ओळींवरून जाते.

हे बेअरिंग आयुष्यभरासाठी ग्रीस भरून बंद केलेले असते. तरीही पंचवीस-तीस वर्षांत सील कडक होते, आत ओलावा शिरतो आणि कडीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गंजाचे बारीक ठिपके पडतात. छर्रे त्यांवरून धावू लागले की ठिपक्यांचे खड्डे होतात. आपल्या भागात खड्ड्यातला जोराचा आपटा आणि वॉशिंग सेंटरमध्ये उच्च दाबाच्या पाण्याची धार थेट हबवर मारणे ही आणखी दोन कारणे नेहमी आढळतात. रुंद दिसावी म्हणून चाकामागे स्पेसर घातलेल्या गाडीत चाकाच्या रेट्याची रेषा बेअरिंगच्या मध्यापासून दूर जाते आणि त्याचे आयुष्य घटते. वर्षानुवर्षे शेडमध्ये एकाच जागी उभी राहिलेली गाडीही सुरक्षित नसते, कारण छर्रे आणि कडी यांच्या त्याच त्या स्पर्शबिंदूंवर गंज धरतो.

२. आवाज बेअरिंगचाच आहे, टायरचा किंवा डिफरन्शियलचा (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपेटीचा) नाही, हे कसे ओळखावे?

बेअरिंगचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो आणि इंजिनच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नसतो. ताशी साठ-सत्तर किलोमीटर वेगाने जाताना गिअर न्यूट्रलमध्ये टाकला आणि घरघर तशीच राहिली, तर इंजिन आणि क्लच बाजूला पडतात. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर हलके डावे-उजवे वळण घ्यावे. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जाते, त्यामुळे त्या वेळी आवाज वाढला तर उजव्या बाजूचे बेअरिंग संशयित ठरते. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूचे. ही चाचणी खंबाटकी किंवा पसरणी घाटातल्या वाहतुकीत करू नये. महामार्गाला समांतर असलेला एखादा रिकामा, सरळ सेवारस्ता त्यासाठी पुरतो.

टायरचा आवाज रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो. सिमेंटच्या रस्त्यावरून नव्या डांबरावर आल्याबरोबर तो निम्मा झाला, तर दोष बहुधा टायरच्या असमान झिजेत असतो. पुढची-मागची चाके एकाच मापाची असतील तर ती अदलाबदल करून पाहावीत, परंतु कित्येक स्पोर्ट्स कारमध्ये मागची चाके रुंद असल्याने हा मार्ग बंद असतो. डिफरन्शियलचा आवाज ॲक्सिलरेटर दाबताना आणि सोडताना स्पष्ट बदलतो. बेअरिंगचा त्या मानाने फारसा बदलत नाही.

३. चाक हाताने हलवले तर अजिबात हलत नाही. मग बेअरिंग चांगले आहे असे समजावे का?

नाही. चाक वर उचलून वरच्या आणि खालच्या टोकाला धरून हलवले असता खटखट जाणवली, तर काही तरी सैल आहे हे नक्की, आणि ते बेअरिंग नसून सस्पेन्शनचा बुश किंवा बॉल जॉइंटही असू शकतो. परंतु काहीच हलले नाही म्हणून बेअरिंग निर्दोष ठरत नाही. कडीवर खड्डे पडलेले बेअरिंग बराच काळ घट्टच राहते.

त्यापेक्षा खात्रीची पद्धत अशी : पुढच्या चाकांना मागून-पुढून ओंडके लावून गाडी पक्क्या स्टँडवर घ्यावी, हँडब्रेक सोडावा, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा, एका हाताने चाक जोरात फिरवावे आणि दुसऱ्या हाताची बोटे सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर टेकवावीत. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना लगेच कळते. दोन्ही बाजूंची तुलना केली की शंका उरत नाही.

४. आवाज येत असताना गाडी किती दिवस चालवता येईल? साताऱ्याहून पुण्याला न्यायची आहे.

नुसती मंद घरघर असेल आणि चाकात काहीही हालचाल नसेल, तर जवळच्या वर्कशॉपपर्यंत सावकाश जाता येते. पुण्याला जाऊ नये. चाकात हालचाल जाणवत असेल, हब हात लावता येणार नाही इतका तापत असेल, किंवा ब्रेकचे पेडल कधी खोल आणि कधी वर लागत असेल, तर गाडी जागेवरून हलवू नये. हलणारी डिस्क ब्रेक पॅडना मागे ढकलते, त्यामुळे पेडल असे वागते. घाट उतरताना पहिला ब्रेक रिकामा जाणे म्हणजे काय, हे या भागात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. अशी गाडी फ्लॅटबेड ट्रकवरच न्यावी.

५. माझ्या गाडीत कोणत्या प्रकारचे बेअरिंग आहे आणि त्याने काय फरक पडतो?

वर नावे दिलेल्या तिन्ही गाड्यांत मागे दोन ओळींच्या छर्ऱ्यांचे, दाबून बसवायचे बेअरिंग असते, पण काम तिन्हींत सारखे नाही. १९८९ ते १९९७ या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ मध्ये नकल सुटी करून प्रेसखाली नेता येते, आणि बेअरिंग सर्क्लिपने, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने, अडवलेले असते. बॉक्सटर ९८६ मध्ये नकल ॲल्युमिनियमची असल्याने उष्णतेची मदत चांगली होते (प्रश्न १० पाहावा), पण तिचा पृष्ठभागही तितकाच नाजूक असतो. झेड३ मध्ये बेअरिंग सस्पेन्शनच्या भल्यामोठ्या ट्रेलिंग आर्ममध्येच बसते. तो आर्म उतरवणे हे वेगळेच मोठे काम आहे, म्हणून तेथे स्क्रूच्या पुलरने गाडीखालीच बेअरिंग ओढून काढतात आणि तसेच ओढून बसवतात.

काही गाड्यांत बेअरिंग आणि हब मिळून एकच बंद भाग असतो व तो चार बोल्टवर सुटतो. तुमच्या गाडीत तसा असेल तर या पानावरचे निम्मे कष्ट तुम्हाला पडणारच नाहीत.

६. बेअरिंग नंबरवरून दुकानात घेतले तर चालेल, की कंपनीचाच पार्ट मागवावा?

नंबर जुळला आणि बनावट नसेल, तर चालेल. गाडीची कंपनी स्वतः बेअरिंग बनवत नाही; एसकेएफ, एफएजी, एनएसके, एनटीएन, कोयो अशा कंपन्यांकडूनच घेते. एसकेएफचा कारखाना तर पुण्यात चिंचवडला आहे.

साध्या बेअरिंगचा नंबर वाचणे सोपे असते. ६२०५ म्हटले की शेवटच्या ०५ ला पाचने गुणून आतला व्यास २५ मिलिमीटर येतो, बाहेरचा ५२ आणि रुंदी १५ ठरलेली असते. चाकांच्या बेअरिंगचे नंबर मात्र कंपनीनुसार वेगळे असतात, म्हणून जुने बेअरिंग काढण्याआधी नवीन हाती असावे आणि आतला व्यास, बाहेरचा व्यास व रुंदी ही तिन्ही मापे व्हर्निअरने ताडून घ्यावीत. सांगलीच्या दुकानांत ट्रॅक्टर आणि टेम्पोचे बेअरिंग ताबडतोब मिळते, पण एमएक्स-५ भारतात अधिकृतपणे कधीच विकली गेली नसल्याने तिचे बेअरिंग बहुधा मागवावेच लागते. खोक्यावरची छपाई अस्पष्ट, किंमत निम्मी आणि बिल द्यायला टाळाटाळ, अशा ठिकाणी ते घेऊ नये.

७. कोणती हत्यारे लागतात? प्रेस नसेल तर हातोडीने ठोकून बसवता येईल का?

हातोडीने बसवू नये. याचे कारण प्रश्न ९ मध्ये आहे. ॲक्सल नटचा (हबच्या मधोमध शाफ्टच्या टोकावर असलेल्या मोठ्या नटचा) योग्य मापाचा सॉकेट, लांब दांडा, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना), पुलर, सर्क्लिप प्लायर आणि हायड्रॉलिक प्रेस इतके लागते. यातली प्रेस विकत घेण्याची गरज नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर आणि ऊस वाहतुकीच्या ट्रकची कामे करणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या वर्कशॉपमध्ये ती असते. गळीत हंगाम सुरू झाला की तेथे क्षणाचीही उसंत नसते, त्यामुळे हे काम पावसाळ्यातच उरकावे.

सर्वांत उपयोगी हत्यार मात्र विकत मिळत नाही, ते लेथवर करून घ्यावे लागते. बाहेरची कडी दाबण्यासाठी माइल्ड स्टीलचा एक बुश घ्यावा, त्याचा बाहेरचा व्यास बेअरिंगपेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर कमी असावा आणि त्याचा काठ फक्त बाहेरच्या कडीला टेकावा. आतल्या कडीला आधार देण्यासाठी दुसरा बुश लागतो. सातारा, कुपवाड किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतला कोणताही लेथवाला जुने बेअरिंग समोर ठेवले की हे दोन्ही तुकडे थोड्या वेळात करून देतो.

८. काम कोणत्या क्रमाने करावे?

गाडी चारही चाकांवर उभी असतानाच, हँडब्रेक ओढून आणि कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगून, ॲक्सल नट सैल करावा. गाडी स्टँडवर घेतल्यानंतर त्या नटाशी झटापट करणे धोक्याचे आहे. मग चाक, कॅलिपर आणि डिस्क काढावी. कॅलिपर तारेने बांधून ठेवावा, ब्रेकच्या नळीवर लोंबकळू देऊ नये. एबीएसचा, म्हणजे ब्रेक लावताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा, सेन्सर आधीच काढून ठेवावा, कारण प्रेसखाली तो हमखास तुटतो.

ड्राइव्ह शाफ्टचे, म्हणजे डिफरन्शियलकडून येऊन चाक फिरवणाऱ्या दांड्याचे, दाते हबमध्ये गंजून बसले असतील तर शाफ्टच्या टोकावर घणाचे घाव घालू नयेत. आटे फुगतात आणि आतला जॉइंटही मार खातो. पुलर लावावा, गंज सोडवणारे तेल घालून रात्रभर ठेवावे आणि सकाळी पुन्हा ताण द्यावा. नकल सुटी करण्यापूर्वी अलाइनमेंटच्या विकेंद्री बोल्टवर (जे फिरवून चाकाचा कोन बदलतात) छिन्नीने किंवा रंगाने खुणा कराव्यात. जोडणी करताना सस्पेन्शनच्या रबरी बुशांचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच पूर्ण आवळावेत, नाही तर रबर कायमचे पिळलेले राहून काही महिन्यांतच फाटते. शेवटी व्हील अलाइनमेंट करून घ्यावे.

पहिल्यांदा करणाऱ्याने एका बाजूसाठी पूर्ण दिवस राखून ठेवावा.

९. नवीन बेअरिंग दाबताना सर्वांत मोठी चूक कोणती होते?

दाब चुकीच्या कडीवर दिला जातो. या संपूर्ण कामात मला जर एकच गोष्ट सांगण्याची मुभा असेल तर ती हीच आहे.

नियम असा की जी कडी घट्ट जागेत शिरते आहे, जोर त्याच कडीवर पडला पाहिजे. बेअरिंग नकलमध्ये शिरताना बाहेरची कडी घासत जाते, म्हणून दाब फक्त बाहेरच्या कडीवर द्यावा. नंतर हब बेअरिंगमध्ये शिरताना आतली कडी घासली जाते, म्हणून त्या वेळी आतल्या कडीला खालून बुशचा आधार असावा. नकल नुसती प्रेसच्या पाटावर ठेवून हब वरून दाबला, तर सारा जोर आतल्या कडीवरून छर्ऱ्यांत आणि छर्ऱ्यांतून बाहेरच्या कडीत जातो. छर्ऱ्यांचा कडीशी स्पर्श अगदी लहान बिंदूएवढा असल्यामुळे काही टनांच्या दाबाने प्रत्येक छर्रा कडीवर खळगी पाडतो. डोळ्यांना काही दिसत नाही आणि हाताने फिरवले तर बेअरिंग नवेच वाटते, पण पहिल्या हजार किलोमीटरमध्येच घरघर परत येते. हातोडीच्या घावानेही नेमके हेच घडते.

माझ्या स्वतःच्या गाडीचे डाव्या बाजूचे बेअरिंग एकदा घाईत, आधाराचा बुश न लावता, मीच बसवले होते. तीन महिन्यांत ते पुन्हा काढावे लागले. कडी कापून पाहिली तेव्हा छर्ऱ्यांच्या अंतराने ओळीत पडलेल्या खळग्या स्पष्ट दिसत होत्या. महागड्या बेअरिंगच्या दर्जाबद्दल कोणी तक्रार घेऊन आले की त्या दिवसापासून मी आधी ते कसे बसवले हे विचारतो.

बेअरिंग सरळ शिरते आहे ना, हे सुरुवातीच्या दोन-तीन मिलिमीटरमध्येच गुण्याने तपासावे. ते तिरके झाले तर जोर वाढवू नये, बाहेर काढून पुन्हा सुरुवात करावी. तळाला टेकल्यावर प्रेसच्या काट्याचा दाब एकदम वाढतो, तेथे थांबावे आणि सर्क्लिप खाचेत पूर्ण बसल्याची खात्री करून घ्यावी.

१०. नकल गरम करून आणि बेअरिंग फ्रीजमध्ये ठेवून काम सोपे होते का?

होते, विशेषतः ॲल्युमिनियमच्या नकलमध्ये. ७५ मिलिमीटर व्यासाचे ॲल्युमिनियमचे भोक ८० अंशांनी तापवले तर सुमारे ०.१४ मिलिमीटरने मोठे होते; ओतीव लोखंडाचे त्याच्या निम्म्याने. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवले तर त्याचा व्यास किंचित कमी होतो. बऱ्याचदा एवढ्यावर बेअरिंग फारसा जोर न लावता आत सरकते.

नकल भट्टीत किंवा मोठ्या ओव्हनमध्ये सर्व बाजूंनी सारखी, १०० ते १२० अंशांपर्यंत तापवावी आणि तत्पूर्वी तिच्यावरील रबरी भाग व सेन्सर काढलेले असावेत. गॅसची ज्योत एकाच जागी धरू नये, कारण ॲल्युमिनियम रंग न बदलताच मऊ पडते. नवीन बेअरिंगला मात्र ज्योत कधीही दाखवू नये. आतले ग्रीस आणि सील तेथेच निकामी होतात.

११. हब ओढून काढला, पण जुन्या बेअरिंगची अर्धी कडी हबवरच अडकून राहिली. काही बिघडले का?

नाही, असे बहुतेक वेळा होते. आतली कडी दोन तुकड्यांची असते आणि बाहेरचा तुकडा हबबरोबर येतो. बेअरिंग स्प्लिटर (कडीमागे शिरून तिला पकडणारे दोन भागांचे हत्यार) मागे शिरत असेल तर तो लावावा. शिरत नसेल तर ग्राइंडरने कडीला तिरकी खाच पाडावी, हबला पाते लागण्याच्या आधीच थांबावे आणि खाचेत छिन्नी ठेवून एक घाव घालावा. कडी कठीण पोलादाची असल्याने तडकून सुटते. डोळ्यांवर चष्मा हवाच. हबवर पाते लागून खोल ओरखडा पडला किंवा कडी हबवर घसरून खोबण झालेली दिसली, तर हबही बदलावा. अशा हबवर नवीन बेअरिंग टिकत नाही.

म्हणूनच एकदा हब ओढून काढला की ते बेअरिंग, कितीही चांगले दिसत असले तरी, पुन्हा वापरता येत नाही.

१२. ॲक्सल नट किती घट्ट करायचा?

गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तितकाच. पहिल्या एमएक्स-५ साठी तो आकडा २१६ ते २९४ न्यूटन-मीटर आहे, बॉक्सटर ९८६ साठी ४६०. या दोन आकड्यांतली तफावत पाहिली की ‘चांगला आवळला’ हे माप का पुरत नाही ते कळते. ४६० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला जवळजवळ ४७ किलो वजन टांगण्याइतका जोर. गॅरेजमधला साधा टॉर्क रेंच तेथवर पोहोचत नाही. ट्रकचे काम करणाऱ्याकडे तो मिळतो.

हा नट केवळ शाफ्ट धरून ठेवत नाही. आतल्या कडीचे दोन तुकडे एकमेकांवर दाबून बेअरिंगमधला योग्य ताण तोच ठरवतो. सैल राहिला तर कड्या हलतात आणि झिजतात. न्यूमॅटिक गनने नट सैल करण्यास हरकत नाही, पण शेवटचा आवळा गनने देऊ नये. नट दर वेळी नवा वापरावा.

१३. शाफ्ट काढलेला असताना गाडी शेडमधून ढकलत बाहेर काढली. चालेल ना?

चालणार नाही. प्रश्न १२ मध्ये सांगितल्याप्रमाणे नटाच्या दाबाशिवाय बेअरिंगच्या आतल्या कड्या मोकळ्या असतात, आणि गाडीचे वजन त्यांवर आले की थोड्या अंतरातही छर्रे आणि कड्या दुखावू शकतात. जागा बदलणे अटळ असेल तर जुन्या ड्राइव्ह शाफ्टचे बाहेरचे टोक हबमध्ये घालून नट पूर्ण आवळावा आणि मगच गाडी हलवावी.

१४. नवीन बेअरिंगमध्ये जादा ग्रीस भरावे का?

सील असलेल्या बेअरिंगमध्ये अजिबात नाही. सील उचकटले की ते पुन्हा पहिल्यासारखे बसत नाही. शंकूच्या आकाराच्या रोलरची उघडी बेअरिंग असलेल्या जुन्या गाड्यांत मात्र लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारचे, एनएलजीआय २ (हे ग्रीसच्या घट्टपणाचे माप) दर्जाचे ग्रीस रोलरच्या मधोमध दाबून भरावे लागते.

१५. एकच बाजू वाजते आहे. दोन्ही बदलावीत का?

एकच बदलावे. बेअरिंग ही ब्रेक पॅडसारखी जोडीने झिजणारी वस्तू नाही, आणि चांगले बेअरिंग विनाकारण काढणे म्हणजे दुसऱ्यांदा चूक होण्याची संधी देणे. अपवाद पुढच्या प्रश्नात आहे.

१६. गाडी महापुरात बुडाली होती. तेव्हापासून आवाज नाही, तरी बेअरिंग बदलावीत का?

सांगलीहून हा प्रश्न ऑगस्ट २०१९ नंतर आणि पुन्हा जुलै २०२१ नंतर सातत्याने येत राहिला. चाके पूर्ण बुडाली असतील आणि गाडी तशीच काही दिवस पाण्यात उभी असेल, तर माझे उत्तर होय असे आहे, आणि तेही चारही चाकांची. सील पावसाचे शिंतोडे अडवण्यासाठी असते, कित्येक दिवस साचलेल्या गाळाच्या पाण्यासाठी नाही. पाणी आत शिरल्यावर ग्रीस पांढरट होते, कडीवर गंज धरतो आणि आवाज यायला पुढे सहा महिने ते वर्ष जाते.

नुसती पाण्यातून गाडी नेली असेल तरीही एक गोष्ट लक्षात ठेवावी. लांब धावून तापलेला हब अचानक थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या ओठांवरून पाणी आत ओढले जाते. म्हणून घाट उतरून आल्याबरोबर ओढ्याच्या पाण्यात गाडी घालण्यापेक्षा दहा मिनिटे थांबणे चांगले.

१७. नवीन बेअरिंग बसवल्यावर एबीएसचा दिवा लागला, किंवा आवाज तसाच राहिला. असे का?

दिव्याबाबत आधी सेन्सरची वायर, मग सेन्सर आणि दातेरी चकती यांमधली स्वच्छता पाहावी. जुन्या गाड्यांत ही चकती बहुधा शाफ्टवर वेगळी असते आणि पुलर लावताना तिचा दाता वाकतो. नंतरच्या काळातल्या काही बेअरिंगमध्ये चकतीऐवजी सीलमध्येच चुंबकीय पट्टी असते आणि ती बाजू सेन्सरकडेच यावी लागते. बेअरिंग उलटे बसले तर ते काढून फेकण्याशिवाय उपाय नाही. बसवण्यापूर्वी दोन्ही बाजूंना एक साधी टाचणी लावून पाहावी. ज्या बाजूला ती ओढली जाते ती चुंबकीय बाजू.

आवाज तसाच राहिला तर आधी निदान तपासावे (प्रश्न २). आवाज गाडीच्या सांगाड्यातून प्रवास करतो, त्यामुळे उजव्या कानाला ऐकू येणारी घरघर डाव्या बेअरिंगची निघाल्याचे मी अनुभवले आहे. आवाज आधी गेला आणि काही आठवड्यांनी परत आला, तर बसवण्याची पद्धत तपासावी (प्रश्न ९). एक कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही : सायलेन्सर किंवा चासी वेल्डिंग करताना अर्थचा चिमटा चाकाच्या डिस्कला लावला, तर विजेचा प्रवाह छर्ऱ्यांमधून जातो आणि कडीवर जळालेले ठिपके पडतात. चिमटा नेहमी वेल्डिंगच्या जागेशेजारी, त्याच तुकड्याला लावावा.

१८. माझ्या गाडीला मागे सलग धुरा आहे. वरचे सगळे लागू होते का?

बरेचसे नाही. एमजीबीसारख्या गाडीत, तसेच आपल्या ओळखीच्या ॲम्बॅसेडर आणि प्रीमिअर पद्मिनीत, मागे धुऱ्याची सलग नळी असते. त्यामुळे येथे नकल, स्वतंत्र ड्राइव्ह शाफ्ट आणि प्रश्न १३ मधली भीती यांचा संबंध येत नाही. दाबाचा नियम (प्रश्न ९) मात्र जसाच्या तसा लागू पडतो.

अशा बऱ्याच धुऱ्यांत बेअरिंग शाफ्टवर दाबून त्यामागे पोलादी कॉलर तापवून चढवलेली असते आणि चाक बाहेर निसटू न देण्याचे काम ती कॉलरच करते. म्हणून काढलेली कॉलर पुन्हा कधीही वापरू नये, आणि नवी कॉलर थंड झाल्यावर ती बेअरिंगला पूर्ण टेकली आहे हे फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्टीने) पाहावे. याच ठिकाणी ऑइल सीलही बदलावे, कारण डिफरन्शियलचे तेल ब्रेक लायनरवर आले तर लायनर धुऊन उपयोग होत नाही, नवेच घालावे लागतात. या कामासाठी दूर जाण्याची गरज नाही. साताऱ्यात किंवा सांगलीत ॲम्बॅसेडरवर हात बसलेला एखादा जुना मिस्त्री शोधावा आणि गाडी त्याच्याकडे न्यावी. फक्त कॉलर नवीन आहे ना, हे चढवण्याआधी स्वतः उभे राहून पाहावे.